कांते, अर्धी गोळी माह्या पोटात गेली

कांते,

तू गेल्यावर तुले कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. जिवंतपणी तरी आपण जावा-जावा कुठं सरळ बोललो? पण काल यवतमाळच्या दवाखान्यातली डॉक्टर मॅडम घरी आलती. तुही फाईल घेऊन बाजेवर बसली अन् तुह्या फोटोकडं पाहून डोळे पुसले. माही जळजळ झाली, खोटं कायले सांगू! माह्यासाठी कोण पुसणार आहे डोळे?

कापूस वेचून दोघीचेही बोटं सारखेच वाकडे झाले. पण मारेगावच्या तपासणीत मॅडमनं तुलेच निवडलं. म्हणे, ही सांधेदुखीची गोळी जुनीच आहे, पण वाळल्या, हडकुळ्या बायांच्या रक्तात किती उतरते ते मोजायचं आहे. मी काय लठ्ठ होती का?

तुले न्यायले दर महिन्याले गाडी! सुई टोचताना नर्स इचारे, "कांताबाई, दुखलं का?" आपल्या घरात चाळीस वर्षांत कोणी इचारलं होतं ते? अन् मले म्हणे, "आजी, तुमची किडनी कमजोर आहे. ही गोळी तुमच्यासाठी नाही." किडनीचं निमित्त! मी सरळ समजली, गोरी म्हणून तुले घेतलं. तू लग्न होऊन आली तवापासून तेच पाहून राह्यली मी.

आठ दिवस बोलली नाई मी तुह्याशी. भाकरीही वेगळी थापली. मग तू सासूचा कायदा काढला. घरात येईल ते दोघी सुनांत अर्धं-अर्धं, खोबरं असो का लुगडं. अडकित्त्यात गोळी धरून कचकन कापली.

"घ्या बाई. आता तरी रुसवा सोडा."

"अवं, मॅडमले कळलं तं?"

"कायचं कळते! रिकामे पाकिटं मोजते ते. पोटात थोडीच डोकावते!"

पोटात नाई, कांते, ते रक्तात पाहत होती. आपल्या दोघीच्या डोक्यात एवढंही आलं नाई!

अन् मी रोज खाल्ली तुही अर्धी गोळी. माह्या बोटाले फरक नव्हता, पाय मात्र सुजत होते. तरी खाल्ली. गोळीसाठी नाई वं, तुह्या एकटीच्या पोटात सारी जाऊ नये म्हणून. तू तरी कायले दिली? हात झटकून "नाई देत" म्हणता आलं नाई तुले? तुहे बोटं शेवटपर्यंत सुजलेलेच राह्यले. मग तो ताप आला अन् चार दिवसांत गेली तू. मॅडम म्हणते, त्याचा अन् गोळीचा संबंध नाई. म्हणते.

काल मले इचारलं तिनं, "आजी, कांताबाई रोज पूर्ण गोळी घेत होत्या ना? पाकिटं बरोबर आहेत, पण रक्तात औषध फार कमी दिसतं. अशा बांध्याच्या बायांना डोस वाढवावा लागेल, असं वाटायला लागलंय."

मी म्हणलं, "मले काय माहीत?" अन् चहा टाकायले उठली.

ते गेली अन् मी तो अडकित्ता काढून पुढ्यात ठेवला. डोस वाढवतील! गावोगावच्या हडकुळ्या बाया दुप्पट गोळ्या गिळतील, माह्या जळण्यापायी. त्यातल्या एकीची किडनी माह्यासारखी निघाली तं?

तं आयक. सोमवारी सकाळच्या एसटीनं मी यवतमाळले जाणार आहे. सून म्हणते, मी येते संगं. मी म्हणलं, कोणी नको. मॅडमच्या समोर बसून सारं सांगीन. अडकित्ता, अर्धी गोळी, माहे सुजलेले पाय. तू लबाड नव्हती, थोरल्या जावेचा, जेठानीचा, रुसवा काढत होती, हे फाईलीत लिहायले लावीन. ते रागावली तं रागावू दे.

ऐकून ते परत तुह्यासाठीच रडन, मले माहीत आहे. रडू दे. आता उठून नाई जाणार मी.

तुही जेठानी,
शेवंता