सातव्या फळीची पाटी

ता. ९ जून, सकाळ

प्रिय डावऱ्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघंही धडधाकट आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो, आणि गुडघ्यापेक्षा ती जास्त. सव्वीस वर्षांत चार ओळी धाडल्या नाहीत आणि आज एकदम दादाला कशी आठवण झाली, असं तुझ्या मनात येईल. म्हणून आडपडदा न ठेवता विचारतो. ती मुलगी तू पाठवलीस का?

आपलं गाव आता 'वारसा' झालंय. ज्या तळघरात आपण बारा वर्षं फेसाळत्या वाइनच्या बाटल्या फिरवल्या, तिथे जायला तिकीट लागतं. कमानींखाली दिवे, पिंपांना पॉलिश. रोज दोन वेळा मी पाहुण्यांना दाखवतो, की भोकं पाडलेल्या तिरक्या फळीत बाटल्या उलट्या खोचून रोज थोडं थोडं फिरवलं की गाळ बुचाशी उतरतो. लोक टाळ्या वाजवतात. मालकाने कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. पुढच्या महिन्यात दाराशी एक दगड बसणार आहे, त्यावर माझं नाव. एकट्याचं.

दगडावरचा मजकूर ठरवायला ही संशोधक आली आहे. तिशीची असेल. वाइनचा थेंब घेत नाही. मी बोलतो तेव्हा लिहीत नाही, मी गप्प बसलो की लिहिते. अशा माणसाचा भरवसा धरू नये. तुझी थोरलीही आता तिशीचीच ना? हिची हनुवटी मला फार ओळखीची वाटते. वहिनी म्हणते, "तुम्हाला दूधवाल्यातसुद्धा हेर दिसतो." म्हणू दे.

परवा ती फळ्यांना टांगलेल्या जुन्या पाट्यांचे फोटो काढत होती. फळीवरच्या बाटल्या फिरवून झाल्या की पाटीवर खडूने रेघ ओढायची, आणि ज्याची रेघ त्यानेच दुपारच्या आत झरोक्याची झडप लावायची, हे तिला मीच सांगून बसलो. जोडीदाराच्या रेघा डावीकडे कलायच्या, माझ्या उजवीकडे, हेही; फक्त तुझं नाव घेतलं नाही. आपलंच तोंड, दुसरं काय.

ती म्हणाली, "काका, सातव्या फळीची शेवटची रेघ उजव्या हाताची वाटते."

"ओलीने खडू ओघळतो," मी म्हटलं.

खडू असा ओघळत नाही. तिने मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे.

सातव्या फळीचा विषय मला काढायचा नव्हता. पण तुझ्यापासून काय लपवायचं? तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. ऊन नुसतं भाजत होतं आणि मी झडप लावायला विसरलो. दुपारी उन्हाने तापून तीनशे बाटल्या एकापाठोपाठ फुटल्या. मालकाने विचारलं, आज पाळी कोणाची? मी म्हटलं, धाकट्याची. तुझ्या वहिनीला सातवा महिना होता, हे कारण मी इतकी वर्षं घोकतोय. तुझी पोर तेव्हा चार वर्षांची होती, ते मात्र घोकत नाही.

तू पाटीकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस, आणि निघून गेलास. ती पाटी मालकापुढे धरायची होतीस. का धरली नाहीस? मला तेव्हापासून संशय आहे, की तू हे राखून ठेवलंयस.

मुलगी तुझीच असेल तर तसं कळव. मला तयारीत राहता येईल.

त्याच दिवशी, संध्याकाळी

पाकीट बंद केलं नव्हतं, बरं झालं. ती दुपारी घरी आली. बसायच्या आत मीच विचारलं, "तुझे वडील काय करतात गं?"

"शिवणकाम. आजोबांपासून आमचं दुकान आहे. का हो?"

तुझी नाही ती. "दगडासाठीच्या यादीत तुमचं एकट्याचं नाव आहे," ती म्हणाली, "पण पाट्यांवर दोन हात दिसतात. दुसरे कोण, एवढंच मला हवंय."

"आणि सातवी पाटी?"

"ओघळली ना ती? तुम्हीच म्हणालात."

तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता. म्हणजे मी सुटलो होतो, धाकट्या. मला हायसं वाटायला हवं होतं. पण मला भीती वाटली, की आता गप्प बसलो तर तुझ्यावरचा आळ कायमचा राहील, आणि तो पुसणारा माझ्यानंतर कोणी नसेल.

मी सगळं सांगितलं. तिचं आवाज टिपायचं यंत्र चालू होतं. वहिनी चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिनेही आज पहिल्यांदाच ऐकलं. कप ठेवून ती आत गेली, ती अजून माझ्याशी बोललेली नाही.

दगडाचं काय करायचं ते वारसावाले ठरवतील. जाताना त्या मुलीने एकच विचारलं, "ते आहेत ना अजून?"

सख्ख्या भावाबद्दल विचारलं होतं, आणि मला हो म्हणता आलं नाही, नाही म्हणता आलं नाही. जुन्या पत्त्यावर टाकतोय. तिला काय सांगू ते तूच कळव. शिव्या लिहिल्यास तरी मी त्या दोनदा वाचीन.

तुझ्या नावावर खोटं बोललेला, तुझाच
दादा