आठ कोअर आणि मी

सोमवार, २२ एप्रिल २०१३
ऑफिसात नवं कॉम्प्युटर मशीन आलं. आठ कोअर, म्हणजे एका वेळी आठ कामं. बिलावर चोपन्न हजार. खरी किंमत: घरचे पाण्याचे टँकर महिनाभर बंद, आंघोळ दिवसाआड, बायकोचं बोलणं बंद. शेवटची बाब नफ्यात धरली.
वाळूजच्या कारखान्याला तीन प्रोग्राम द्यायचेत: हजेरी, गेटपास, वजनकाटा. आमची प्रोग्रामर हिमानी ते एकामागं एक बिल्ड करायची, म्हणजे कोडाचे चालते प्रोग्राम बनवायची, चाळीस मिनिटं. आता तिन्ही एकदम.

मंगळवार, २३ एप्रिल
चौदा मिनिटं लागली. त्यातली पहिली पाच तिन्ही प्रोग्राम हात बांधून उभे! बिल्डच्या फाईलीत हिमानीनं लिहून ठेवलंय: आधी ‘कॉमन’ नावाचा भाग बनेल, हे तिघं त्याच्यावर अवलंबून. अवलंबून? मी मुकुंदवाडीत शून्यातून धंदा उभा केला, कोणाच्या दारात गेलो नाय. ओळी उडवल्या. हिमानी म्हणाली, सर, त्या शोभेला नव्हत्या. मी विचारलं, पगार कोण देतं?

दुपारी ४
नऊ मिनिटं! तिन्ही पास. हिमानी पुटपुटली, सकाळचं कॉमन तिथंच पडलंय म्हणून चाललं, शिळ्या भाकरीवर जेवलेत साहेब. माझे कान तिखट आहेत. तिचा चहा बंद.

बुधवार, २४ एप्रिल
कारखान्याचे मॅनेजर व्यंकटराव यांना फोन. म्हणालो, शुक्रवारी तुमच्या डोळ्यांदेखत कोऱ्या फोल्डरात बिल्ड करतो, दहा मिनिटांच्या आत. नाही जमलं तर ऑर्डर दुसऱ्याला द्या. म्हणाले, व्हय, पुण्याच्या पार्टीला बोलावलंच आहे.
माणूस जळका आहे.

शुक्रवार, २६ एप्रिल, वाळूज
अकरा सेकंद. तिन्ही एकदम आडवे. कॉमन अजून बनतच होतं, हे तिघं आधीच ते मागायला धावले. व्यंकटराव घड्याळ बघून म्हणाले, लई फास्ट आहे हो. पुणेवाला खोकल्यासारखं हसला. मी सांगितलं, तुमच्या कूलरात पाणी नाय, मशीन तापलं. हिमानीनं मला न विचारता खुर्ची ओढली, उडवलेल्या ओळी परत टाकल्या. चौदा मिनिटांत तिन्ही तयार. आगाऊ पोरगी.

शनिवार, २७ एप्रिल
ऑर्डर मिळाली, चौदा मिनिटं चालतील म्हणे. अट एकच: सरांनी फाईलीला हात लावायचा नाही. हिमानीनं पत्र मोठ्यानं वाचलं, दोनदा. मग चहा मागितला. मीच केला.
घरी टँकर उभा. बायको पाच दिवसांनी बोलली: तात्यांनी पाठवलाय, आणि ऑफिसच्या गाळ्याचं शटर नीट लागतं का, विचारलंय.
तात्यासाहेब माझे सासरे. गाळा त्यांचा आहे.