मधमाशीचे डोळे

रविवार, १० नोव्हेंबर

प्रश्नमंजुषेसाठी निमियाची निवड झाली! पुढच्या रविवारी आमची धाकटी बहीण राजधानीत, आसुन्सिओनला, टीव्हीवर, तेही थेट प्रक्षेपणात. बक्षीस — माद्रिदची दोन तिकिटं. तिची लेक लिस तिकडे स्पेनमध्ये म्हाताऱ्यांची सेवा करते. लिसचं बाळ आम्ही फक्त फोनमध्ये पाहिलंय. एक तिकीट निमियाचं, एक आईचं. आईने लगेच लोकरीचं टोपडं विणायला घेतलं. तिकडे थंडी, पण इथल्या या उकाड्यात!

आजही सगळे टीव्हीपुढे. टेरेरेचा, म्हणजे थंडगार पाल्याच्या चहाचा, पेला हातोहात फिरतोय. निमियाचा नवरा, आमचे जावई विल्फ्रिदो, प्रत्येक उत्तर जाहीर झाल्यावर — "मी हेच म्हणणार होतो!" आईला ऐकू येत नाही, पण कबूल कोण करणार? ती ओठ वाचते. टीव्हीचा आवाज छतापर्यंत चढवते तो फक्त शेजाऱ्यांना दाखवायला. मध्येच म्हणाली, "हा टायवाला आत्ता पुटपुटला — मेले दिवे नीट लावत नाहीत!" आम्हाला तर तो निवेदक गोड हसतानाच दिसला.

निमिया म्हणाली, "दादा, फोनची मदत तुझीच घेणार."

"अडलीस तर ना?"

नुसती हसली. पेपरने माझं विनोदी सदर बंद केल्यापासून ती माझ्याशी फार हळू बोलते. घरात कुणी आजारी असल्यासारखी.

गुरुवार, १४

विल्फ्रिदो: "भाऊसाहेब, ज्ञानकोश चाळा जरा. तुमच्या विनोदावर विमान उडत नाही." बोचलं. चाळला नाही.

रविवार, १७

लिहायची लाज वाटते. लिहितो.

शेवटचा प्रश्न. मधमाशीला डोळे किती — दोन, तीन, पाच की आठ? निमियाने फोनची मदत मागितली. त्याच क्षणी विल्फ्रिदोंनी टीव्ही बंद केला. नियमच आहे तसा: ज्याला फोन येणार त्याच्या घरी टीव्ही बंद.

घंटी. "दादा?"

मला ठाऊक नव्हतं. 'माहीत नाही' — एवढंच म्हणायचं होतं. पण सगळा देश ऐकतोय, आणि मी हे म्हणू? मी म्हणालो, "अगं, डोळे जास्त असून उपयोग काय? आमच्या नगराध्यक्षांना दोन आहेत, त्यांना रस्त्यातले खड्डे दिसतात का?"

पलीकडे हशा. टाळ्या! किती महिन्यांनी टाळ्या! मी त्या ऐकतच राहिलो.

"दादा, वेळ संपतेय. उत्तर?"

"दोन! बिनधास्त सांग!"

टीव्ही परत लावला. निवेदक विचारत होता, "नक्की? बदलायचंय?" निमिया सरळ कॅमेऱ्यात बघत म्हणाली, "माझा दादा म्हणालाय. दोनच."

पाच.

"मी हेच म्हणणार होतो" असं विल्फ्रिदो म्हणाले नाहीत. आई टोपडं घेऊन आत गेली.

सोमवार, १८

निमिया बसने परतली. मी माफीचं भाषण घोकून ठेवलं होतं. तिने चिपांची, चीजच्या पावांची, पिशवीच हातात कोंबली. "गरम आहेत, आधी खा. काय टाळ्या पडल्या रे तुला!"

खाल्ल्या. दोन खाल्ल्या.

बुधवार, २०

माझ्या विनोदाची चित्रफीत गावभर फोनवर फिरतेय. न्हाव्याने पैसे घेतले नाहीत. संपादकांचा फोन — "सदर परत सुरू करा. मधमाशीपासूनच!" हो म्हणालो. विचार करतो, असंसुद्धा म्हणालो नाही. ताबडतोब हो!

विल्फ्रिदो कळल्यावर एवढंच म्हणाले, "चला. कुणाचं तरी विमान उडालं."

शनिवार, २३

आईच्या हातात फोन, त्यात तीच चित्रफीत. आवाज बंद, तिला लागतच नाही. मला हाताने जवळ बोलावलं. आमच्या घरी टीव्ही बंद होता, घंटी वाजत होती, तेव्हाचा भाग. तिथे बोट ठेवून थांबवलं. निमियाचा चेहरा.

"बघ. तू फोन उचलायच्या आधीच पोरगी ओठांतल्या ओठांत म्हणाली — पाच."

मग मांडीवरचं टोपडं उसवायला लागली. मोठं करायचंय म्हणे, बाळ काय तेवढंच राहणार आहे?

"तुला कळलंय हे तिला कळू देऊ नकोस हं."