खमिराच्या कुरडया

वडीगोद्री,
मंगळवार

व्याही काकासाहेब यांना रामरावचा मनापासून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे, विहीणबाईंचं पित्त उतरलं का आणि नवी म्हैस दुधाला लागली का, तिघांचीही खुशाली वेगवेगळी कळवावी. (फोनवर विचारलं असतं, पण तुमचा फोन आमची सूनबाई राजनंदिनीच उचलते आणि "पप्पा शेतात गेलेत" एवढं बोलून ठेवून देते. जेवायच्या वेळेलाही तुम्ही शेतातच असता.) आम्ही इकडे बरे आहोत. म्हणजे जेवतो, झोपतो.

सूनबाई अचानक बॅग भरून राजूरला का आली हे तुम्ही आम्हाला विचारलं नाहीत, हा तुमचा मोठेपणा. उन्हाळा आहे, लेकीनं माहेरी चार दिवस राहावं, असं मी गल्लीत सांगतो आणि गल्ली मान डोलावते. तुम्हाला मात्र खरं सांगायला हवं.

लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत तिनं एका काचेच्या बरणीत गव्हाचं पीठ आणि पाणी कालवून ठेवलं होतं. त्यात रोज थोडं पीठ घालत राहायचं, ते आपोआप आंबून फुगतं आणि त्यातलंच थोडं घेऊन विकतचं यीस्ट न घालता पाव होतो. त्या खमिराला ती जिवापाड जपायची. मी आधी चेष्टा केली (भाकरीच्या घरात पावाचे लाड, वगैरे), पण पाव झाला की पहिला तुकडा मलाच मिळायचा, त्यामुळे चेष्टा हळूहळू बंद पडली. पुढे हायवेवरचा एक हॉटेलवालाही तिच्याकडून पाव नेऊ लागला.

मागच्या महिन्यात ती मैत्रिणीच्या लग्नाला जालन्याला गेली. जाताना बरणी माझ्या स्वाधीन केली, कारण घरात रिकामा माणूस मीच. "मामा, रोज चमचाभर पीठ घाला. दुसरं काहीच करू नका." आता 'दुसरं काहीच न करणं' मला जन्मात जमलेलं नाही. त्याच आठवड्यात आमच्या मंडळींनी, द्वारकाबाईंनी, कुरडयांसाठी गहू भिजत घातला होता. तो चांगला आंबला, वाटून झाला, आणि चीक शिजायला चढला, तेवढ्यात इकडे लाइट गेलेली, फ्रिज बंद म्हणून बरणी ओट्यावर काढलेली, घराची भट्टी. बरणीचं झाकण उडालं आणि खमीर ओट्यावरून खाली निघालं. हिनं गच्चीवर जाता जाता हाक मारली, "अहो, सूनबाईचं उतू चाल्लंय वाटतं, जल्दी बघा!" मी पाहिलं, वास घेतला. बरणीत आंबलेला गहू, पातेल्यातही आंबलेला गहू. वाया कशाला घालवायचा, म्हणून बरणी निपटून चिकात ओतली. वर आपण किती कामाचे हे दाखवायला ती कढत पाण्यानं घासून पालथी घातली. आत कणभरही ठेवलं नाही.

काकासाहेब, कुरडया काय झाल्या म्हणून सांगू! राजनंदिनी परत आली त्या दिवशी आमरस होता. तिनं तीन खाल्ल्या. "आत्या, यंदा कुरडई लईच हलकी झाली. काय घाल्तं हिच्यात?" काय घातलं ते मी छाती पुढे काढून सांगितलं.

ती भांडली असती तर मीही भांडलो असतो. ती नुसती उठली, पालथी बरणी सरळ केली आणि आत पाहत राहिली. मग म्हणाली, "मामा, या घरात माझं म्हणून तेवढंच एक व्हतं." आणि बॅग भरायला गेली. तेव्हापासून भारत (माझाच मुलगा!) माझ्याशी बोलत नाही. चतुर्थीला राजूरच्या गणपतीला येतो, तुमच्या दारावरून दोन फेऱ्या मारतो आणि आत यायची हिंमत न झाल्यानं प्रसाद घेऊन परततो.

मला फार वाईट वाटतं. टीव्हीचा रिमोट माझा, पंख्याखालची जागा माझी, ओटा द्वारकाबाईंचा. या घरात तिचं काय आहे, हा विचार माझ्या मनाला कधी शिवलाच नाही. तरी तिला घाई करू नका, हवं तितकं राहू द्या. आणि हे पत्र तिला दाखवू नका.

आपला,
रामराव

ता. क. : डब्यात अजून दोन किलो कुरडया आहेत. कुणी हात लावत नाही.

ता. क. दुसरा : घाई नाही, असं वर लिहिलं ते लिहायचं म्हणून. घाई आहे.

ता. क. तिसरा : तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी वाचायची मनाई केली, हे भारतनं तिकडून ऐकून आईच्या कानावर घातलं. म्हणजे हे पत्र मोठ्यानं कोण वाचून दाखवतंय, ते मला ठाऊक आहे. राजनंदिनी, बेटा, इथून पुढचं मनात वाच. चुकलं माझं. तुझं खमीर मला परत करता येत नाही. लावून पाहिलं, नुसती बुरशी आली. पण ओट्याची खिडकीकडची बाजू मी आणि तुझ्या आत्यानं मोकळी केली आहे. ती तुझी. तिथं नवं खमीर लाव, नाहीतर लावू नकोस. तू रिकामी ठेवलीस तरी तिथं आम्ही काही ठेवणार नाही.