तीन तोंडांची वही

नाना,

तुमची वही सध्या पुण्यातल्या एका मुलीच्या ताब्यात आहे. मूळ वही नव्हे, ती माझ्याच कपाटात कडुलिंबाच्या पाल्यात आहे. पण तिच्यातला मजकूर गेला, आणि तो पुण्यात तरी आहे की नाही, देव जाणे. मुलगी म्हणते, ज्या यंत्रात तो ठेवलाय ते यंत्र अमेरिकेत आहे. तुम्ही असता तर पहिला प्रश्न केला असतात, "पाहिलंय कुणी?" कुणीच पाहिलेलं नाही. तिनेही नाही, हे मी तिच्याकडून कबूल करून घेतलंय.

तुम्ही गेलात तेव्हा धुळ्याच्या आपल्या शाळेत एकच टेलिफोन होता आणि त्याला कुलूप होतं, म्हणून जरा सावकाश सांगतो. आता एका यंत्रात लिहून ठेवलेलं पान जगातल्या कुणालाही आपल्या यंत्रावर उघडून वाचता येतं. अशा पानांच्या गठ्ठ्याला वेबसाइट म्हणतात. त्या पानांना राहायला जागा लागते, आणि ती भाड्याने देणाऱ्या कंपन्या आहेत. साधी जागा घेतली तर झाडलोट, राखण, डागडुजी आपली आपण करायची. दुसऱ्या प्रकारात ते सगळं कंपनीच करते, आपण मजकूर देऊन गप्प बसायचं. त्याला मॅनेज्ड प्लॅन म्हणतात. जळगावात आमच्या स्टेशन रोडला एक मारवाडी शेठ आहेत, खाली कापडाचं दुकान, वर इंटरनेटचं. त्यांनीच मला हे सुचवलं. "मास्तर, आपलं काम फक्त द्यायचं. बाकी सगळं ते लोक बघतात." मी विचारलं, "बघतात म्हणजे नेमकं काय बघतात?" शेठ म्हणाले, "सगळं." या शब्दावर माझा नोकरीला लागल्यापासून विश्वास नाही, आणि तो तुमचाच प्रसाद आहे.

वही छापायला तीन प्रकाशकांकडे नेली होती. तिघांनीही ती हातात जोखून पाहिली आणि परत दिली. खानदेशातल्या रानभाज्या, वेली, झुडपं. त्यांची संस्कृत नावं, मराठी नावं, अहिराणी नावं, सातपुड्याच्या पाड्यांवरची नावं. आणि प्रत्येक नावासमोर ते सांगणारी तीन माणसं. बाजारात असं काय विकणार? शाई मात्र दरवर्षी फिकट होत चाललीय. मग मी दोन उन्हाळे शेठच्या दुकानात बसून वही टाइप केली, फ्लॉप्या पुण्याच्या एका कंपनीला धाडल्या, आणि संशय घ्यायला मोकळा झालो.

तुमचा नियम शाळेतल्या फळ्यावर कधी लिहिलेला नव्हता, पण आम्हा सगळ्यांना पाठ होता. तीन तोंडं मिळाल्याशिवाय नाव वहीत चढत नाही, आणि ती तिन्ही एकमेकांच्या ओळखीची असता कामा नयेत. मी शाळेत नवा लागलो त्या वर्षी फैजपूरहून एका वेलीचं नाव आणलं होतं, तीन साक्षींसकट. नवरा, बायको आणि सासू. तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात. "एका चुलीवरची तीन तोंडं म्हणजे एकच तोंड. शब्दप्रमाण ठीक आहे रे, पण आधी आप्त, म्हणजे भरवशाचा सांगणारा, कोण ते ठरव. हे तर नुसते नातेवाईक आहेत." स्टाफरूममध्ये दोन दिवस लोक मला 'जावईबापू' म्हणत होते.

तोच नियम मी पुण्याच्या कंपनीला लावला. सकाळी फोन करून विचारलं, यंत्र जळालं तर काय? उत्तर आलं, रोज नक्कल घेऊन ती दुसरीकडे ठेवतो. दुपारी दुसऱ्या दुकानातून फोन केला, तेच उत्तर. संध्याकाळी तिसऱ्या ठिकाणाहून केला आणि आवाजही थोडा घोगरा काढला. पलीकडून ती मुलगी म्हणाली, "काका, सकाळीही मीच होते आणि दुपारीही मीच होते. इथे फोन मीच घेते. सर्दी झालीय का तुम्हाला?"

मग तिला म्हटलं, नक्कल आहे तर दाखवा. एक पान पुसा आणि कालचं परत आणा. तिने सुस्कारा सोडला, पण केलं. मी ते पान वहीशेजारी धरून, ओळीखाली फूटपट्टी सरकवत वाचलं. एक मात्रा हललेली नव्हती. तरी मी एक शिस्त घालून दिलीच. मला स्वतःला त्या पानांत हात घालता येत नाही, बदल तिनेच करायचा. तेव्हा दर बदल मी फोनवर सांगायचा, तिने टाइप करायचा आणि केलेलं मला मोठ्याने वाचून दाखवायचं. तिचं संस्कृत आठवीपर्यंतचं, पण विसर्ग नीट काढते. "काका, तुमच्या एवढं कुणी तपासत नाही," असं ती एकदा म्हणाली. मला ते फार आवडलं, हे तिला कळू दिलं नाही.

गेल्या महिन्यात शेठनी एक छापील कागद हातात दिला. वेबसाइटवरून आलेलं पत्र. नागपूरच्या एक बाई आहेत, वनस्पतिशास्त्र शिकवतात. वही त्यांनी सगळी वाचलीय. कौतुक इतकं की मला वाचताना पाठ ताठ करावी लागली. पुढे त्यांचा एक प्रश्न होता. ओढ्याकाठच्या पिवळ्या फुलांच्या वेलीचा पाला उकडून खातात, असं आपल्या वहीत आहे. इतर कुठेही ते त्यांना सापडलं नाही. उलट त्यांना ती वेल पोटाला बाधणारी वाटते. पहिल्या दोन साक्षींची नावगावं शोधली, ती माणसं आता हयात नाहीत. तिसरी साक्ष मात्र स्पष्ट आहे: पहूरच्या बाजारातली म्हातारी, डाव्या मनगटावर विंचवाचं गोंदण. असलीच तर नव्वदीच्या पुढे असेल, तरी तिला शोधायला दिवाळीच्या सुट्टीत त्या पहूरला येणार आहेत. मी सोबत येईन का, असं विचारतात.

नाना, मी पहूरला गेलो नव्हतो.

थंडीचे दिवस. वर्तमानपत्रात दाबून वाळवलेली ती वेल तुम्ही माझ्या पिशवीत ठेवताय, आणि सांगताय, "दोन तोंडं झालीत, तिसरं आणलंस की नोंद पुरी." मी धुळ्याहून जळगावला उतरतो. पहूरची गाडी दीड तासाने आहे. मावशीचं घर जवळच, आणि तिच्याकडे त्या दिवशी काटक्यांवर वांगी भाजायला टाकलेली. मावशी मूळची धुळ्याकडची, तिने परातीतलं भरीत माझ्याकडे सरकवलं: "खाय ले, बठ्ठं तुन्हाच साठे शे." सगळं माझ्याचसाठी म्हटल्यावर मी खाल्लं. पुरी आणखी दोनदा घेतली. मग ओट्यावर ऊन होतं आणि सतरंजी होती. जाग आली तेव्हा पहूरला जाऊन यायची वेळ टळून गेली होती, आणि मी सत्तावीस वर्षांचा शिकला-सवरला घोडा परतीच्या गाडीत बसून एक म्हातारी रचत होतो. नुसती म्हातारी तुम्ही मानली नसती. म्हणून तिला गोंदण दिलं. विंचू पारोळ्याच्या आसपास कुठेतरी सुचला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ती नोंद सगळ्या स्टाफरूमला वाचून दाखवलीत. "साक्ष अशी आणावी. उद्या कुणाला ही बाई शोधायची असेल तर सापडली पाहिजे." आणि खिशाचं पेन काढून मला दिलंत. त्या पेनने मी तुम्ही असेपर्यंत एक अक्षर लिहिलं नाही. तुम्ही समजलात, जपून ठेवलंय.

पंधरवडाभर मी मसुदा मनात घोळवला. 'तिसरी साक्ष खोटी. ती नोंद करणाऱ्याने रचली.' पान दुरुस्त करायला सात शब्द पुरे. पण ते मी पुण्याच्या मुलीला सांगायचे, तिने टाइप करायचे, आणि मग माझ्याच शिस्तीने तिने ते मला मोठ्याने वाचून दाखवायचे. 'खोटी'च्या जागी थांबून ती विचारणार, "काका, हे बरोबर ऐकलं ना मी?" साऱ्या जगाने वाचलं तर वाचो, जग मला ओळखत नाही. ती ओळखते.

परवा फोन केला. म्हटलं, त्या वेलीचं पान तूर्त काढून टाका. "का काका, काही चुकलं का आमचं?" तुमचं काही नाही, पुन्हा तपासायचंय, असं म्हणालो. तिने काढलं, आणि माझ्या जिवाला घोर नको म्हणून सांगितलं, "काळजी करू नका, जुनं पान आमच्याकडे आहेच. कधीही परत आणता येतं." कोणी निदान तो पाला उकडून खाणार नाही, एवढं झालं.

हे पत्र मी कुठेच टाकणार नाही, नाना. तुमच्या पत्त्याची मला एकही साक्ष मिळालेली नाही.

नागपूरच्या बाईंना मात्र उत्तर गेलं, काल शेठच्या दुकानातून. लिहिलं की म्हातारी वारली. तेवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण पुढे मी असंही लिहिलंय की शेवटपर्यंत तिची नजर चांगली होती.