ढब्बू कुणाच्या मांडीवर

प्रिय ठमी,

मागे फोनवर तुला म्हटलं ना, आमचं झकास चाललंय, ते धादांत खोटं होतं. खरं काय ते तोंडाने सांगवत नाही, म्हणून लिहायला बसले. हसू आलं तर हस, पण फोन करून हसू नकोस.

लेकीच्या ऑटिझमबद्दल तुला नव्याने काय सांगायचं! आवाज, झगझगीत दिवे असह्य झाले की ती कोसळते, किंचाळते, डोकं आपटते. तेव्हा समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आवाज अडवणारे हेडफोन आहेत, घरी अंधारी खोली आणि जड पांघरूण आहे. पण बाहेर खरा आधार ढब्बूचा, तिच्यासाठी शिकवून तयार केलेल्या कुत्र्याचा. तो तिच्या मांड्यांवर आडवा पडतो, सगळा भार टाकून, आणि त्याचा कान चोळता चोळता ती शांत होते. पाठीवर कामाचं जॅकेट असताना त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा नियम. त्याच्या जिवावर माझी लेक एकटी वाचनालयात जाते, परत आलेली पुस्तकं लावते, पगार आणते.

परवा आम्ही चपलांच्या दुकानात होतो आणि शेजारच्या गाळ्यात कुणी भिंतीला ड्रिल लावलं. हेडफोन असूनही लेक खाली बसली आणि कपाळ गुडघ्यांवर आपटायला लागली. बघे जमले. एक बाई म्हणाली, "एवढी घोडी झालीये, दोन ठेवून द्या की!" मी मटकन स्टुलावर बसले आणि मला रडू फुटलं. ठमे, जॅकेट घातलेला ढब्बू लेकीला ओलांडून आला आणि माझ्या मांडीवर पसरला. मी ढकलतेय, तो ढिम्म. माझी पोर जमिनीवर आणि तिचं कुत्रं माझ्या अंगावर! लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी दुकानदाराने लोकांना बाहेर काढलं, दिवे मालवले, शेजारी जाऊन ड्रिल थांबवलं. लेकीच्या कपाळावर टेंगूळ आलंय.

दुसऱ्या दिवशी ढब्बूला शिकवणाऱ्या बाई आल्या. घरात आणखी कुणी त्याला अंगावर घेतं का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "छे, कुणी नाही." लेकीला खोटं बोलणं जमतच नाही. ती म्हणाली, "आई घेते. मी आंघोळीला गेले की. तिच्या कपड्यांवर त्याचे केस असतात." माझी मान वर होईना. पहिल्यांदा तो आपणहून आला होता गं. मी स्वयंपाकघरात फरशीवर बसून रडत होते. इतकं बरं वाटलं की मग मीच त्याला हळूच बोलवायला लागले, जॅकेट असलं तरी. मांजर डोळे मिटून दूध पितं ना, तशी.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, जो जास्त खचलेला असेल त्याच्याकडे जायचं, असं कुत्रं शिकून बसलंय. त्याला पुन्हा शिकवेपर्यंत मी घरात राहायचं नाही, लेकीजवळ त्या राहतील. नाहीच जमलं तर ढब्बूला परत न्यावं लागेल. म्हणजे वाचनालयही गेलं. लेकीने सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "आईला वेगळं कुत्रं पाहिजे."

मला कोण देतंय कुत्रं! लहानपणी झोपेत तू तुझे जडशीळ पाय माझ्यावर टाकायचीस आणि मी लाथेने ढकलायचे. मध्ये तू म्हणालीस, ताई, मी येऊन राहते थोडे दिवस, तेव्हाही मी तुला तसंच ढकललं. आता मीच विचारतेय. येऊ तुझ्याकडे? समजावू नकोस, काही विचारू नकोस. झोपताना फक्त पाय टाक माझ्यावर.

तुझीच,
ताई