उसना पोट्टा

चाचा,

रविवारी आपला क्लब हरला. हरायची आता सवय झाली आहे, नुसत्या हरण्यासाठी काही कागद घेऊन बसलो नसतो. पण या हरण्यानं आपण तालुक्याच्या फुटबॉल लीगमधून बाहेर पडलो. सगळ्यात खाली राहणाऱ्या क्लबला पुढच्या वर्षी घेत नाहीत, असा नियम झालाय. तुमच्या वेळी असलं काही नव्हतं. ज्याच्याकडे अकरा पोरं आणि एक बॉल, तो क्लब. बॉलही बहुतेक वेळा तुमचाच असायचा, ब्लॅडरला तीन ठिकाणी पॅच मारलेला. आज मला सुट्टी आहे, गुडघा ठणकतोय, बायको विहारात गेली आहे, आणि एसटीच्या आगारातल्या जॉबकार्डाच्या कोऱ्या बाजूवर मी तुम्हाला लिहितोय. तुम्हाला जाऊन सतरा-अठरा वर्षं झाली. मराठी तुम्ही आमच्याहून फर्डी बोलायचात, पण वाचता येत नव्हती, तेव्हा हे तुम्हाला वाचून कोण दाखवणार हाही प्रश्नच आहे.

तुमचं सायकलचं दुकान होतं तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मी तिथून जाताना अजून खाली बघतो, त्या काळ्या पाण्याच्या घमेल्याला पाय लागू नये म्हणून. शाळा सुटली की आम्ही त्या घमेल्याभोवती उकिडवे बसायचो. तुम्ही ट्यूब फुगवून वीत-वीत पाण्यात धरत जायचात, आणि आम्हाला काही दिसायच्या आधी तुमचा अंगठा नेमका छिद्रावर बसलेला असायचा. "पान्यात धरलं का खरं-खोटं समजते," म्हणायचात. मग पाच वाजता दुकानाची एक फळी लावायची, सोल्युशनचे हात पायजम्याला पुसायचे आणि विहारामागच्या मैदानावर यायचं. तुमच्या मोहल्ल्यातली पोरं आणि आमच्या वस्तीतली पोरं तुम्ही एकाच ओळीत उभी करायचात, उंचीप्रमाणे. गळ्यात शिट्टी, तीही जुन्या ट्यूबच्या पट्टीत ओवलेली. कामठीला नोकरीत असताना चार सामने बघितले तेवढंच तुमचं शिक्षण. ऑफसाइड तुम्हालाही शेवटपर्यंत नीट कळला नाही, हे आता सांगायला हरकत नाही. तुम्ही ज्या आत्मविश्वासानं शिट्टी वाजवायचात, त्यावरून आम्ही तो ऑफसाइड धरायचो.

त्या दिवसांतली एक रीत आताच्या पोरांना सांगितली तर त्यांना गंमत वाटते. बाहेरगावचे संघ एसटीनं नाहीतर कापसाच्या ट्रकमधून यायचे, आणि बऱ्याचदा एक पोरगा कमी घेऊनच यायचे. कुणाची परीक्षा, कुणाच्या घरी सोंगणी. तेवढ्यावरून त्यांना परत पाठवायचं नाही. ज्यांच्या गावात सामना, त्यांनी आपला एक पोरगा उसना द्यायचा. तो त्या दिवशी त्यांचा. आणि तुमचा हट्ट असा की द्यायचा तर चांगला द्यायचा. आमच्यातलं कुणी बाकावरच्या लेच्यापेच्याकडे बोट दाखवलं की तुम्ही खेकसायचात. "किडकी जवारी कोनी उसनी देते का बे?"

फायनल होती, आपल्याच मैदानावर. रोहिणखेडचे दहाच जण आले. मी तेव्हा चौदाचा, आणि खोटं कशाला बोलू, आपल्या संघात माझ्याइतका पळणारा दुसरा नव्हता. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जाय. आज तू त्याइचा. आपल्याकडं पाहू नोको." त्यांचा हिरवा सदरा मला गुडघ्यापर्यंत येत होता. सामना मी चांगला खेळलो, शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत. आपण एका गोलनं पुढे आहोत. बॉल माझ्या पायात येतो, मी आपल्याच दोन पोरांना मागे टाकतो, आपला गोलकीपर पुढे येतो आणि पडतो. समोर दोन दगडांमधला रिकामा गोल. इतकं जवळ की फुंकर मारली असती तरी बॉल आत गेला असता. तो बाहेरून गेला. आपण जिंकलो. पोरांनी तुम्हाला उचलायचा प्रयत्न केला, पण तुम्ही त्यांना हातानं बाजूला सारत सरळ माझ्याकडे आलात.

"काऊन बे, काय झालं?"

"पाय घसरला चाचा. बुटाचे तळवे घासले हायेत."

तुम्ही माझ्या पायांकडे बघितलंत. मग रोहिणखेडच्या संघाबरोबर जे म्हातारेसे गृहस्थ आले होते त्यांच्याकडे गेलात आणि सगळ्या मैदानासमोर हात जोडलेत. "भाऊ, माफ करा. पोट्टा देला, पन घासल्या बुटाचा देला. चूक माही हाये." ते बिचारे नको नको म्हणत होते. तुम्ही ऐकलं नाही. कप सहा महिने त्यांच्या गावात राहील, मग सहा महिने आपल्याकडे, असं तिथेच ठरवून टाकलंत. आपली पोरं आठवडाभर तुमच्याशी बोलली नाहीत. मी तर जास्तच नाही बोललो, माझं कारण वेगळं होतं.

आठव्या दिवशी तुम्ही मला दुकानावर बोलावलंत आणि बूट काढून मागितलेत. ते कॅनव्हासचे बूट तुम्ही उलटे केले. तळव्यावरून अंगठा फिरवला, टाचेपासून चवड्यापर्यंत, जसा ट्यूबवरून फिरवायचात. बराच वेळ. मी घमेल्यातल्या पाण्याकडे बघत होतो. "हाव," तुम्ही म्हणालात, "घासलेच हायेत." मग ट्रकच्या टायरचा तुकडा कापून, खाचा पाडून, सोल्युशन लावून आणि वर दाभणानं शिवून तुम्ही मला नवे तळवे करून दिलेत. दुपारभर दुकानात आलेल्या माणसांना तुम्ही थांबवून ठेवलं होतं. बूट माझ्या हातात देताना म्हणालात, "आता नाही घसरनार." तसले बूट जिल्ह्यात कुणाकडे नव्हते. मी दोन वर्षं ते घातले, बोटं पुढून बाहेर येईपर्यंत.

त्या कपानंतर आपले दिवस आले. गावोगावची पोरं सायकली मारत तुमच्याकडे शिकायला यायला लागली. एक वर्ष अमडापूरचे वर, की दुसऱ्या वर्षी आपण. मध्येच संग्रामपूरकडच्या पोरांनी दोन वर्षं सगळ्यांना पाणी पाजलं. रहाटगाडगंच ते. पण त्या रहाटात आपली पाळी फिरून येणार याची खात्री असायची. तुम्ही खाटेवर पडलात तेव्हाही पहिला प्रश्न "टीम कशी हाये?" हाच होता. मी "चांगली" म्हणालो, आणि तेव्हा ती होतीही चांगली. शिट्टी तुम्ही माझ्या हातात दिली. नोकरी, घर आणि क्लब असं तिन्हीकडे ओढत मी इथपर्यंत आणलं.

मग जिल्ह्याच्या ठिकाणी हिरव्या प्लॅस्टिकच्या गवताचं मैदान झालं. तिथली अकादमी पोरांना गाडीनं नेते, आणते, दोन रंगांचे ड्रेस देते. मी त्यांना नावं ठेवणार नाही, ते चांगलं शिकवतात. मागच्या वर्षी आपले सहा जण गेले, या वर्षी पाच. एका पोराचे वडील घरी आले होते, चांगला माणूस, माझ्याच आगारात कंडक्टर. चहा घेतला आणि म्हणाले, "तुमच्याकडं खेळते पोट्टा, पन त्याचं पुढं काय?" माझं स्वतःचं पुढं काय झालं ते त्यांच्या समोरच बसलं होतं. खरं सांगतो चाचा, मी थकलोय. मैदानावर चुन्याची फक्की मारताना कमरेत उसण भरते, आणि जी पोरं शिकून तयार होतात ती दुसऱ्याच्या दारी जातात. हे रहाटगाडगं नाही. यात आपला पोहरा वर येत नाही.

रविवारी संग्रामपूरशी सामना होता. बरोबरी झाली असती तरी आपण लीगमध्ये राहत होतो. त्यांची दहाच पोरं जीपमधून उतरली. त्यांच्याबरोबरचा तरुण मास्तर माझ्याकडे आला, अवघडला होता. "सर, आमचा एक पोट्टा रस्ताभर उलट्या करून लोळला. पहिले तुमच्या गावात उसना देत होते म्हने. देता का एखांदा?" कुणाकडून ऐकलं होतं कोण जाणे. मी पंचाकडे बघितलं, तो नाही म्हणेल अशी आशा होती. तो म्हणाला, "दोघं राजी असान तं मले काय करायचं हाये."

नाही म्हणता आलं असतं. पण तुमची शिट्टी गळ्यात होती, ट्यूबच्या पट्टीसकट, आणि मला नाही म्हणवलं नाही. मी दिला. पण कोणता दिला ते ऐका. बाकावरचा शेवटचा दिला, वर्षभरात दहा मिनिटंसुद्धा न खेळलेला. किडकी जवारी दिली. आणि तेवढ्यानं भागलं नाही. त्याला सदरा चढवताना मी खाली वाकलो आणि त्याच्या कानात म्हणालो, "बूट घासलेत तुझे. पाय घसरला तरी कोणी काही म्हणणार नाही."

त्यानं माझ्याकडे वर बघितलं. बारा वर्षांचं पोर. त्याला वाटलं मी काळजी करतोय. "नाही घसरत सर," म्हणाला, "कसून बांधले म्या."

त्यांनी पहिल्याच वीस मिनिटांत गोल केला. आपण शेवटपर्यंत झगडलो, खरंच झगडलो, तुम्ही असतात तर खूश झाला असतात. अगदी शेवटी आपल्या पोरानं त्यांच्या गोलकीपरला चकवून बॉल मारला. गोल रिकामा होता. तो उसना पोट्टा कुठून पळत आला मला दिसलं नाही, रेषेवर त्यानं पाय घातला, बॉल बाहेर गेला आणि पंचानं शिट्टी वाजवली. संग्रामपूरच्या पोरांनी त्याला खांद्यावर घेतला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणी उचललं असेल.

मग तो खाली उतरला आणि आपल्या पोरांकडे आला. "आपल्याच टीमले हरवलं बे त्वा," एक जण म्हणाला. तो म्हणाला, "मंग मले देलं काऊन?" सदरा काढून, घडी घालून त्यानं त्या मास्तरांना परत दिला आणि माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

"सर, बराबर केलं ना म्या?"

सगळी पोरं ऐकत होती. "हाव," मी म्हणालो, "बरोबर केलं." त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण त्याच्याकडे बघता आलं नाही. मला त्याचे बूट दिसत होते. कपडा निघाला होता, आणि तळवे पाटीसारखे गुळगुळीत.

काल अकादमीतून फोन आला. राहिलेल्यांपैकी ज्यांना यायचंय त्यांची नावं कळवा म्हणाले. पोरांना विचारलं. बहुतेक निघाले, सात थांबणार म्हणतात. त्यात तो उसना पोट्टाही आहे. सातांचा काय क्लब होतो, असं रात्री जेवताना मी म्हणालो, तर बायको म्हणाली, "तुमच्या चाचाच्या हिशोबानं होते. चार उसने घ्या." मला हसू आलं. आगारात टायरचं भंगार पडलेलं असतं. साहेबांना विचारून एक तुकडा आणलाय, दाभण आणलंय. तुमच्यासारखं शिवता येईल असं नाही.

हा कागद मी टपालात टाकणार नाही. घालायला पत्ताही नाही. हवा भरायच्या सुया ठेवतो त्या डब्यात राहील. पण इतकी वर्षं एक गोष्ट मनात घेऊन फिरतोय, तिच्यापायी हे सगळं लिहिलं. सुईच्या टोकाएवढं छिद्र तुमच्या अंगठ्याला सापडायचं. त्या दिवशी माझ्या बुटावरून तुम्ही तोच अंगठा इतका वेळ फिरवलात, मग तुम्हाला काय सापडलं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. तुम्ही खाटेवर होतात तेव्हा मी रोज यायचो. रोज ठरवून यायचो आणि टीमबद्दल बोलून जायचो. या पोराचे बूट खरोखरच घासलेले आहेत.

माझे चांगले होते, चाचा.